शेडमधली उजेडाची रेघ

कोंबड्यांच्या ढिगाच्या मधोमध वैशाली मांडीपर्यंत बुडालेली होती. दोन्ही हातांनी वरचा पक्षी उचलायची, मागं फेकायची, पुन्हा वाकायची. फेकलेला पक्षी जमिनीवर पडला की उठून परत ढिगाकडंच पळायचा, तिच्या पायांवरून चढायचा आणि वर जाऊन बसायचा. तिनं किती वेळ असं चालवलं होतं कोण जाणे. तिचे हात कोपरापर्यंत ओरबाडलेले होते.

कोंबड्यांचा ढीग लागतो तेव्हा लोकांना वाटतं, मोठा कलकलाट होत असेल. तसं नसतं. वरच्या कोंबड्यांना काही त्रास नसतो, त्या गप्प असतात. खालच्यांना ओरडायला श्वास नसतो. मधल्या तेवढ्या घशातून घरघर करतात. मी आत शिरले तेव्हा ती घरघर कमी होत चालली होती, आणि ते वाईट होतं.

शेडचा तो अर्धा भाग गोणपाटांनी झाकलेला, काळोखा. फक्त कोपऱ्यातला एक गोणपाट वाऱ्यानं उचकटला होता आणि तिथून तिसऱ्या प्रहराचं ऊन आत, थेट पाण्याच्या भांड्यांवर पडलं होतं. पाणी नुसतं चमकत होतं. शेडमधल्या सगळ्या कोंबड्यांना त्या एवढ्याशा उन्हाच्या तुकड्यात जायचं होतं.

बाहेर निंबाखाली खाटेवर बसलेले नाना ओरडत होते, "गोणपाट सोडा खाले! ऊन ई राह्यनं मजार! सोडा आधी!"

वैशालीनं ऐकलं. ढिगातून पाय उपसून ती गोणपाटाच्या सुतळीकडं गेली. मी तिचा हात धरला.

"सोडू नको."

"अक्का, उन्हामुळंच झालं हे!"

"म्हणूनच सोडू नको."

हात का धरला ते सांगायचं तर आधी कोंबडीचा डोळा सांगावा लागेल. हे लिहून मागणाऱ्या दिवाळी अंकाच्या बाई म्हणाल्या, कामाबद्दल लिहा, जन्मापासून लिहू नका. बरं झालं. माझ्या जन्मात काही विशेष नाही. नरडाण्याकडचं गाव, चौथीपर्यंत शाळा, लग्न, नवरा लवकर गेला, आणि मग सोनगीरजवळ नानांच्या पोल्ट्रीत काम. नाना म्हणजे मालक. तेव्हा त्यांचे गुडघे चांगले होते आणि जीभ आजच्यासारखीच होती. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "शेवंता, कोंबडी माणसासारखी मूर्ख नही. तिले आपलं डोकं लावू नको." मी ते लक्षात ठेवलं. नाना मात्र विसरत असत.

पोल्ट्रीत आम्ही कोंबडीला पक्षी म्हणतो. कोणाला हसू येतं. पण दिवसभर हजारांत वावरायचं तर प्रत्येकीला कोंबडी कोंबडी म्हणून भागत नाही. पक्षी खातो, पक्षी पितो, पक्षी मरतो. मेलेल्यांना मरतूक म्हणतात. आमची शेड पिंजऱ्यांची नाही. खाली जमिनीवर शेंगांची टरफलं पसरलेली, ती अमळनेरकडून येतात, आणि पक्षी मोकळे. दोन्ही लांब बाजूंना जाळी. शेड पूर्व-पश्चिम लांब बांधतात, म्हणजे ऊन जाळीतून सरळ आत येत नाही. पण वैशाखात सूर्य उत्तरेला सरकतो आणि दुपारनंतर उत्तरेच्या जाळीतून तिरका घुसतो. म्हणून पडदे.

नव्या माणसाला मी पहिल्यांदा पडदे शिकवते, खाद्य-पाणी नंतर. खाद्यात चूक झाली तर अंडी कमी होतात. पडद्यात चूक झाली तर मरतूक उचलावी लागते.

आपण भर उन्हातून घरात आलो तर जरा वेळ काही दिसत नाही. मग दिसायला लागतं, आपण कामाला लागतो. कोंबडीला हा जरा वेळ फार मोठा लागतो. तिला उजेडातून अंधाराकडं बघितलं की आत जागा आहे असं वाटतच नाही. समोर भिंत आहे असं वाटतं, किंवा खड्डा. ती काही झालं तरी आत पाऊल टाकत नाही. अंधारातून उजेडाकडं मात्र न हाकलता जाते. आणि उजेड एकदम गेला, तर जिथं आहे तिथंच बसते. उचला, पाय धरून उलटी करा, फार तर एकदा ओरडते.

हमीदभाईंचा सगळा धंदा यावर चालतो. ते धुळ्याचे व्यापारी, अंड्यावरून उतरलेले, म्हणजे अंडी द्यायचे थांबलेले पक्षी घ्यायला टेम्पो घेऊन येतात. त्यांची माणसं दिवसाढवळ्या पक्षी धरायची असली की सगळे पडदे एका दमात खाली ओढतात. शेडमध्ये गुपचूप. पक्षी खाली बसतात, माणसं वाकून पाय गोळा करत जातात, भाजी खुडल्यासारखी. एकदा एका शिकाऊ माणसानं अर्धे पडदे ओढले आणि अर्धे विसरला. सगळे पक्षी उजेडाकडच्या अर्ध्यात पळाले आणि माणसं अंधारातल्या अर्ध्यात हात चाचपडत राहिली. हमीदभाई दारात उभे राहून म्हणाले, "वा! कोंबडीला दिसतंय आणि तुम्हाला नाही. तुम्हालाच पिंजऱ्यात भरतो आता."

हे सगळं मला वागण्यावरून कळत होतं. कारण कळत नव्हतं. कारण सांगितलं ते आमच्याकडं येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांनी. तो माणूस शहाणा होता आणि सांगायला कंटाळत नव्हता. त्यांनी दोन कागद माझ्या समोर धरले, एक कोरा, एक जरासा मळका. म्हणाले, "फरक दिसतो?" म्हटलं, दिसतो. म्हणाले, "पक्ष्याला नाही दिसत. पक्ष्याला रंग आपल्यापेक्षा जास्त दिसतात, हालचाल जास्त दिसते, पण कमी उजेड आणि जरा जास्त उजेड यातला बारीक फरक आपल्याइतका कळत नाही. फरक मोठा झाला की मग एकदम कळतो."

मला हे ऐकून नवल वाटलं. एवढे तीक्ष्ण डोळे, टरफलातला किडा लांबून टिपतात, आणि हे नाही दिसत. पण त्यातूनच माझं काम सोपं झालं. पडदा एकदम खाली करायचा नाही. वीतभर करायचा, दुसऱ्या कामाला जायचं, परत येऊन वीतभर. पक्ष्याला कळतच नाही की उजेड कमी झाला. संध्याकाळपर्यंत अख्खी शेड अंधारी होते आणि एकही पक्षी मान वर करत नाही. नाना याला 'शेवंताची चोरी' म्हणायचे. उजेडाची चोरी. पाव्हण्यांना दाखवायला आणायचे.

पाव्हण्यांचं निघालं म्हणून सांगते. एक फोटोवाला आला होता, लग्नाचे फोटो काढणारा. महिलांच्या उद्योगावर व्हिडिओ करायचा म्हणाला. त्याच्याकडं चंदेरी कापडाचा मोठा गोल पंखा होता, तोंडावर उजेड पाडायला. मी म्हटलं, तो आत नेऊ नका. म्हणाला, "आजी, तुमचा चेहरा काळा येईल." म्हटलं, आहेच काळा. ऐकलं नाही. त्यानं आत जाऊन तो पंखा फिरवला आणि उजेडाचा एक चकचकीत गोळा टरफलांवर नाचायला लागला. पक्षी धावले त्याच्यामागं. त्यानं घाबरून पंखा स्वतःच्या पोटाशी धरला, तर तो गोळा त्याच्याच बुटांवर पडला. त्याच्या बुटांना चकचकीत बकलं होती. पक्ष्यांनी ती बकलं टोचून काढायचा निर्धार केला. तो दारापर्यंत उड्या मारत आला. त्या व्हिडिओत मी नाही. नुसता त्याचा आवाज आहे.

दुसरं प्रकरण हसण्यासारखं नव्हतं. नानांनी धुळ्याला रस्त्यावरून स्वस्तातले बल्ब आणले. उजेड भरपूर. आठवड्यात पक्षी एकमेकांची पिसं उपटायला लागले, शेपटीजवळ रक्त काढायला लागले. खाद्य बदललं, पाणी बदललं, चोची तपासल्या. मी बल्बकडं बघायची तर बल्ब चांगला जळत होता. डॉक्टरांनी खिशातून मोबाइल काढला, कॅमेरा बल्बकडं केला आणि आम्हाला दाखवला. मोबाइलच्या पडद्यावर काळे पट्टे वर सरकत होते. बल्ब सारखा विझत-पेटत होता, इतका भरभर की आपल्याला तो सलग दिसतो. पक्ष्याला विझलेला आणि पेटलेला वेगळा दिसतो. दिवसभर डोळ्यांवर कोणी चापट्या मारल्यासारखं.

नाना म्हणाले, "मोबाइलले दिसस, कोंबडीले दिसस, माले दिसत नही. मंग या शेडमा मालक कोन शे?"

बल्ब त्याच दिवशी काढले.

आता वैशाली. ती नानांची सून. माहेर रावेरकडचं, केळीवालं घर. नवरा सुरतला नोकरीला. नानांचे गुडघे गेले तेव्हा नवरा फोनवरून म्हणाला, शेड बंद करा, नरडाण्याच्या कारखान्यांना गोडाऊन हवीच असतात, भाड्यानं देऊन टाका. वैशाली म्हणाली, मी चालवते. त्यावर घरात बरंच बोलणं झालं. ते मी ऐकलं, पण लिहीत नाही. शेवटी नानांनी निकाल दिला. "एक लॉट कर. निंघना ते शेड तुनी. गया ते गोडाऊन." लॉट म्हणजे एका वेळी आणून वाढवलेले सगळे पक्षी. नवऱ्यानंही ते कबूल केलं. मला कोणी विचारलं नाही. पण गोडाऊन झालं असतं तर मलाही काम उरलं नसतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

वैशाली कामाला चांगली होती. पिल्लं आली तेव्हा ती शेडमध्येच झोपायची. मी सांगितलेलं एकदा ऐकायची, पुन्हा विचारायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी तसंच करायची. पिल्लांच्या तलंगा झाल्या, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या कोंबड्या. तुरे लाल व्हायला लागले. थोड्याच दिवसांत अंडी सुरू झाली असती. त्यात वैशाख आला.

आमच्याकडचं वैशाखातलं ऊन ज्यानं बघितलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. पत्र्यावर चुना मारतो, वर कपाशीच्या पऱ्हाट्या टाकतो, पाणी मारतो. बाजूला ओले गोणपाट लावतो. तरी पक्षी चोची उघड्या टाकून धापा टाकतात. पक्ष्याला घाम येत नाही, तेवढाच उपाय असतो त्याच्याकडं. अशा दिवसांत पाणी मिळालं नाही तर दुपार निघत नाही.

त्याच वेळी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू. धुळ्याला बहिणीकडं राहिले. वैशालीनं रोज फोन केला. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी जायची तर ती गेलीच नाही. आई रडली म्हणे. भावानं मात्र त्यांच्या रोपवाटिकेतली हिरवी जाळी पाठवली, केळीच्या रोपांवर टाकतात ती. "अक्का, गोणपाट फाटलेत, त्याच्याऐवजी ही लावते," ती फोनवर म्हणाली. मी म्हटलं, लाव. केळीवाल्याच्या मुलीला जाळी बांधायला मी काय शिकवणार? रोपं कोवळी असतात, त्यांना सावली हवी आणि उजेडही हवा, तसं पक्ष्यांचंही, असा तिचा हिशेब. हिशेब वाईट नव्हता.

पण जाळी अर्ध्याच शेडला पुरली. पूर्वेच्या अर्ध्याला जाळी लागली, पश्चिमेच्या अर्ध्याला जुनेच गोणपाट राहिले, ते तिनं दुहेरी करून ओले केले. म्हणजे पूर्वेकडं स्वच्छ उजेड, पश्चिमेकडं काळोख, आणि मधोमध जमिनीवर आखल्यासारखी रेघ. रोपांना रेघेचं काही नसतं. रोप जागचं हलत नाही. केळीच्या बागेत वाढलेल्या मुलीनं केलं तसंच कोणीही केलं असतं.

दोन दिवस निभावलं, कारण पाण्याची भांडी दोन्हीकडं होती. तिसऱ्या दिवशी फार तापलं. जाळीकडचं पाणी गरम झालं. कोंबडी गरम पाणी पीत नाही. म्हणून वैशालीनं सकाळी सगळी भांडी उचलून पश्चिमेला, काळोख्या थंड भागात, टाकीजवळ नेली. पाणी थंड राहिलं. पक्षी राहिले जाळीकडं.

दुपारपर्यंत तिच्या लक्षात आलं की भांडी भरलेली आहेत. तिनं पाण्यात औषधाची पूड टाकली होती. तिला वाटलं चव आवडली नसेल. सगळं ओतलं, नवं भरलं. कोणी आलं नाही. तिनं पक्षी हाकलले. ते रेघेपर्यंत यायचे, मान लांब करायचे आणि परत फिरायचे. तिनं डॉक्टरांना फोन लावला. ते बाहेरगावी होते, लागला नाही. मला लावला, तेव्हा मी सोनगीरला एस. टी.तून उतरत होते. ती म्हणाली, "अक्का, सगळे पक्षी आजारी पडलेत. मला काही समजत नाही. पाण्याकडं बघतच नाहीत."

मी म्हटलं, येतेच. फाट्यावर हमीदभाईंचा टेम्पो उभा होता. मला काळ्या चष्म्यात बघून म्हणाले, "अरे, हिरॉइन कुठं चालली?" मी म्हटलं, गाडी काढा. माझा आवाज ऐकून त्यांनी लगेच चावी फिरवली.

आम्ही रस्त्यात असताना वारा सुटला. धुळीची वावटळ आली आणि टाकीजवळचा गोणपाट उचकटला. काळोखात एकच तुकडा उजळला, आणि त्या तुकड्यात काठोकाठ भरलेलं पाणी. सकाळपासून तहानलेल्या पक्ष्यांना पहिल्यांदा पाणी दिसलं. पलीकडं उजेड दिसला की मधला काळोख पक्ष्याला अडवत नाही. सगळेच्या सगळे एकदम धावले. पुढचे पाण्याला लागले, मागचे त्यांच्यावर चढले, त्यांच्या मागचे त्यांच्यावर. जिथं उजेड संपत होता तिथं त्यांच्या दृष्टीनं भिंत होती, म्हणून बाजूला पसरणार कुठं?

तिथं मी पोचले. मी काळा चष्मा काढून कमरेला खोचला, कारण त्यातून ढीग दिसत नव्हता, नुसती वैशाली दिसत होती. आणि मी तिचा हात धरला.

गोणपाट सोडला असता तर सगळं काळोखं झालं असतं. ढिगावरचे पक्षी आंधळे होऊन होते तिथंच बसले असते. शांत. खालचे मेले असते, मग मधले.

हमीदभाई दारातून ओरडले, "अक्का, अंधेरा मत करना! अंधेऱ्यात तर आम्ही धरतो त्यांना!"

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "सुरी आहे का?"

"सुरीशिवाय मी कुठं जातो?"

"सगळे गोणपाट कापा. एकही ठेवू नका. वैशाली, तू त्या बाजूनं. सुतळ्या तोड."

वैशाली हलली नाही. "अक्का, पूर्ण ऊन आत येईल. हे उन्हानं मरतील."

"काही मरतील. हे आत्ता सगळे मरताहेत."

तो तिचा लॉट होता. माझा नव्हता. मग तिनं दातांनी पहिली सुतळी तोडली.

बाहेर नानांना गोणपाट पडताना दिसले. "शेवंता! डोकं फिरी गयं का तुनं? बठ्ठा पक्षी मरतीन उनमा!"

"नाना, खाटेवरून पाणी मारता येतं का तुम्हाला?"

"काय?"

"नळी देते. पत्र्यावर पाणी मारा. ओरडायचं ते मारता मारता ओरडा."

नानांनी खरंच नळी घेतली. म्हातारा ऊन उतरेपर्यंत पत्र्यावर धार धरून बसला आणि ऊन उतरेपर्यंत शिव्या देत राहिला. धार मात्र एकदाही हलू दिली नाही.

शेवटचा गोणपाट पडला आणि पश्चिमेचा अर्धा भाग पूर्वेसारखा झाला. रेघ गेली. ऊन आलं, धग आली, पण उजेड सगळीकडं सारखा. ढिगाच्या कडेचे पक्षी आधी उठले. मान फिरवली, चार पावलं चालले. त्यांना आता सगळीकडं जमीन दिसत होती. मग वरचे घसरायला लागले. मी वैशालीला सांगितलं, "मधून काढू नको. मधून काढलं की भोवतालचे आत कोसळतात. कडेनं घे. दोन्ही हात खाली घाल, उचल, बाजूला ठेव. फेकू नको." कडेनं आम्ही तिघं आत सरकत गेलो. हमीदभाईंचे हात पक्षी उचलायला जन्मापासून तयार, ते भराभरा करत होते. जिवंत एकीकडं, मेलेले दुसरीकडं. खाली खाली जाऊ तसं जिवंत कमी लागायला लागले. सगळ्यात खालच्यांचे तुरे जांभळे झाले होते. लालाचे जांभळे. वैशाली एकेक हातात घेऊन बघत होती.

"बघू नको," मी म्हटलं. "पुढचा उचल."

ती बघायची थांबली नाही, पण उचलायची पण थांबली नाही.

ढीग मोडला तेव्हा अर्धं काम झालं होतं. आता धग. भांडी सगळ्या शेडभर पसरली. हमीदभाईंनी टेम्पोवरची ताडपत्री पत्र्याच्या कडेला बांधली, म्हणजे तिरकं ऊन जाळीतून सरळ येणार नाही. मी जाऊन बघितलं, खालची सावली फार गडद पडते का. जरा वर उचलायला लावली. हमीदभाई म्हणाले, "अक्का, मंडप घालून घेतेस का लग्नाला?" म्हटलं, वीतभर अजून. वैशाली फवारणीचा नवा पंप पाठीवर बांधून पक्ष्यांवर पाणी उडवत फिरायला लागली, जो पंप अजून औषधाला वापरला नव्हता तो. पायांवर, पंखांखाली. मी बादलीतून ज्यांच्या माना लटकल्या होत्या त्यांचे पाय बुडवत गेले. पायातून पक्षी निवतो. असं एकेक करून.

वैशालीला मी दोनदा सांगितलं, बाहेर जा, पाणी पी. "हो अक्का," म्हणाली आणि गेली नाही. पंप पुन्हा भरायची आणि परत यायची. नवऱ्याचा फोन वाजत होता, तिनं घेतला नाही. ऊन उतरायला लागलं तेव्हा तिच्या चालण्यात काही तरी चुकलं. सरळ चालली होती, ती तिरकी चालायला लागली. मी म्हटलं, "वैशाली?" तिनं मान वळवली, पण मी तिला दिसले नसावे. पंपासकट टरफलांवर आडवी झाली. हात लावला तर अंग कोरडं आणि चटका बसेल असं.

हमीदभाईंनी तिला उचललं. टेम्पोत पक्ष्यांच्या जाळ्या होत्या, त्यांवर ओले गोणपाट अंथरले, त्यावर तिला टाकलं. नाना खाटेवरून उठायचा प्रयत्न करत होते आणि गुडघे ऐकत नव्हते. "माले नेऽ! माले बी नेऽ!" म्हणत होते. हमीदभाईंनी त्यांनाही उचलून पुढं बसवलं. माझ्याकडं बघून म्हणाले, "चल अक्का."

मी गेले नाही. कोणीतरी पक्ष्यांजवळ राहायला हवं होतं. लोकांनी नंतर मला याबद्दल बरंच ऐकवलं. वैशालीनं कधी ऐकवलं नाही.

नळी खाली पडली होती, ती मी घेतली. उजेड आपोआप उतरत गेला, हळूहळू, पक्ष्याला कळणार नाही असा. कोणी घाईनं काही केलं नाही तर संध्याकाळ हे काम फार चांगलं करते. पक्षी पाणी प्यायले, मग थोडं खाद्य टिपलं, मग बसले. जागच्या जागी, पसरून. मी मरतूक दाराबाहेर नेली. मोजली नाही. मोजून काही बदलणार नव्हतं.

मला वाईट एवढंच वाटतं की ढिगाखालचे पक्षी काही चुकले नव्हते. तहान लागली होती, पाणी दिसलं, गेले. सगळ्यात पुढं धावणारे ते चांगले, ताकदीचे पक्षी असतात. ढिगात तेच खाली जातात.

आता अशा शेडा कमी होत चालल्यात. बंद शेडा आल्यात, खिडकी नाही, दिवे यंत्रावर, कमी-जास्त ठरल्या वेळी आपोआप. चांगलं आहे. मी एकदा बघून आले. आतल्या माणसानं सांगितलं, "आजी, इथं बाहेरचा उजेडच येत नाही." मी विचारलं, वीज गेली की? तो म्हणाला, जनरेटर आहे. मी विचारलं, जनरेटर सुरू होईपर्यंत? तो म्हणाला, तेवढ्यात काय होतं. मी चहा घेतला आणि आले.

वैशालीचा नवरा त्या दुपारनंतर दुसऱ्याच दिवशी सुरतहून आला. गोडाऊनवाल्या माणसाला बरोबर घेऊनच आला. शेडमध्ये पक्षी फिरत होते, पाणी पीत होते. मी त्या माणसाला आत येऊ दिलं नाही. त्याच्या हातात पत्र्याची चकचकीत मोजपट्टी होती. नवऱ्यानं नानांना विचारलं, लॉट गेला ना? नाना म्हणाले, "जाईसन देख. मंग बोल." त्यानं जाऊन बघितलं. बराच वेळ आत होता. बाहेर आल्यावर त्या माणसाला चहा पाजून परत पाठवला.

वैशाली दवाखान्यातून घरी आली तेव्हा तिला बाजेवर बसवलं, पण ती उठून शेडमध्ये गेली. पडदे मी आधीच दोन्हीकडं सारखे करून ठेवले होते. तिनं शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघितलं आणि भांडी धुवायला घेतली.

त्या दुपारी ढिगाखाली गेलेले पक्षी मेले, आणि नंतर उन्हानं काही मेले. बाकीचे जगले, निम्म्यापेक्षा बरेच जास्त. वैशाली जगली.